शरदातील बालवाडी

शरद ऋतूचे कौतुक आपल्या कवींनी आणि कीर्तनकारांनी मनसोक्त केले आहे. पावसाने धुऊन काढलेले आकाश, निवळलेले ओढे, पिकाच्या भाराने वाकलेली शेते आणि कोजागरीचे चांदणे यांची वर्णने मराठी माणसाच्या कानांना परिचित आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र या ऋतूचा विचार फारसा झालेला नाही. आणि त्यातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळणाऱ्या, त्यांना शिकविणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने तर क्वचितच. वास्तविक वर्षातील सर्व ऋतूंत लहान मुलाच्या हाताला सर्वाधिक काम पुरविणारा ऋतू हाच होय. वर्षाऋतू मुलाला घरात कोंडतो, ग्रीष्म त्याला सावलीत बसवितो. शरदात मात्र अंगण वाळलेले असते, माती अजून ओलसर व मऊ असते, गवताला तुरे आलेले असतात, शेंगा भरत असतात, फुलांचा बहर असतो. बी, माती, पान, फूल, काडी आणि दाणा या साऱ्या वस्तू एकाच वेळी हाताशी असणे हा योग वर्षातून एकदाच येतो.

येथे प्रारंभीच एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. बालशिक्षणावरील पुष्कळ पुस्तके युरोप-अमेरिकेतून आली, आणि त्यांच्याबरोबर तिकडचा शरदही आला. तो शरद पानगळीचा आहे. तांबडी-पिवळी पाने, ओक वृक्षाची फळे, पाइनची बोंडे हे त्याचे साहित्य. शहरांतील पुष्कळ बालवर्गांच्या भिंतींवर ऑक्टोबर महिन्यात हीच तांबडी पाने कागदावर छापून लावलेली दिसतात. भिंतीवरचे पान तांबडे आणि खिडकीबाहेरचे झाड हिरवेगार, असा विसंवाद त्या वर्गातील मुलाच्या वाट्याला येतो. आणि आपल्या डोळ्यांपेक्षा भिंतीवर विश्वास ठेवण्याचा पहिला धडा त्याला नकळत मिळतो. भारतात पानगळीचा तो शरद पाहावयाचा तर काश्मीरकडे जावे लागेल. तेथे 'हरूद' ऋतूत चिनारची पाने रंग बदलून गळतात, आणि त्यांचा कोळसा पुढे हिवाळ्यात कांगडीत घालतात. महाराष्ट्रात पानगळ शिशिरात होते. येथील शरद हा गळण्याचा नसून पिकण्याचा ऋतू आहे. तेव्हा येथील बालवाडीचे शरदातील साहित्यही पिकणाऱ्या वस्तूंचे असले पाहिजे.

पण मुळात हाताला एवढे महत्त्व का द्यावे? अक्षरे आणि आकडे हे तर डोळ्यांचे नि कानांचे विषय, अशी सामान्य समजूत आहे. शरीरशास्त्र वेगळे सांगते. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकामागून एक हाडाचे रूप धारण करतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात हे काम जेमतेम अर्ध्यावर आलेले असते. अशा हातात पेन्सिल देऊन रेघांच्या मर्यादेत अक्षर काढावयास लावणे म्हणजे भिंत ओली असतानाच तिच्यावर छप्पर चढविण्यासारखे आहे. याच हाताला माती मळू द्यावी, दाणे निवडू द्यावे, झेंडूची पाकळी दोन बोटांच्या चिमटीत धरून उपटू द्यावी. पुढे लेखणी ज्या तीन बोटांनी धरावयाची, त्यांचीच ती तालीम असते.

संख्येची गोष्टही अशीच आहे. जिनीव्हा येथील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलाच्या मनात संख्येची कल्पना कशी उदय पावते यावरील आपला ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी दाखविलेली गोष्ट कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. उन्हाळ्यात साठविलेले चिंचोके घ्यावेत. सात चिंचोक्यांची एक ओळ मांडावी आणि तिच्यासमोर तितक्याच चिंचोक्यांची दुसरी. दोन्ही सारख्या आहेत, असे चार-साडेचार वर्षांचे मूल मान्य करते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतील चिंचोके थोडे दूर दूर सरकवावेत. आता या लांब ओळीत चिंचोके जास्त झाले, असे तेच मूल बहुधा निःशंकपणे सांगते. त्याला शंभरापर्यंतचे आकडे पाठ असले तरी या उत्तरात फरक पडेलच असे नाही. आकड्यांची नावे येणे वेगळे आणि संख्या कळणे वेगळे. संख्या कळावयाची तर वस्तू पुनःपुन्हा मांडाव्या, मोडाव्या, जुळवाव्या आणि वाटाव्या लागतात. पाठांतराने हे होत नाही. वर्तुळात बसून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहूनही होत नाही.

हा विचार नवा नाही. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी तारुण्याच्या उंबरठ्यावर एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली होती. झाडांची आणि दगडांची ती ओळख त्यांना जन्मभर पुरली. १८३७ मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. हे नाव अलंकारिक नव्हते. त्या बागेत मुलांना खरोखरीची रोपे लावावयाची होती. प्रशियाच्या सरकारला ही बाग इतकी धोकादायक वाटली की १८५१ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि ती १८६० पर्यंत टिकली. त्यानंतर मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत आपले बालगृह उघडले. पाहावे, शिवावे, उचलावे, लावावे, पुन्हा काढावे, अशा क्रियांतून शिकविणारी साधने त्यांनी तयार केली. परंतु गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धती जगभर पसरता पसरता तिची साधने महाग झाली. घोटून गुळगुळीत केलेले, मिलिमीटरच्या अचूकपणाने कापलेले लाकडी ठोकळे खेड्यातील शाळेला परवडण्यासारखे राहिले नाहीत.

हिंदुस्थानात या प्रश्नाला ज्यांनी तोंड दिले, त्यांत गुजरात आणि महाराष्ट्र यांचा वाटा मोठा आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ अस्तित्वात आला. १९३६ मध्ये मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार उभारला. शहरातील मध्यमवर्गीय मुलांची सोय झाली. पण ज्यांच्याकडे ना साधने ना शाळा, त्या खेड्यांतील मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या मध्यभागी गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो.

बोर्डी आणि कोसबाद येथे जे घडले, ते वरवर साधे वाटते. लाकडी ठोकळ्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आणि काड्या आल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द याच विचाराचे अपत्य आहे. गुरे राखणारी मुले कुरणात असत, म्हणून कुरणशाळा निघाली. परंतु यात केवळ काटकसर पाहणारा या कामाचे मर्म चुकेल. महाग वस्तूच्या जागी स्वस्त वस्तू ठेवणे ही सोय झाली. मुलाच्या ओळखीची वस्तू हाताशी घेऊन तिच्यातूनच क्रम, तुलना, वर्गीकरण आणि मोजणी काढून दाखविणे ही विद्या झाली. ताराबाईंनी माँटेसोरीची साधने बाजूला ठेवली, पण त्या साधनांमागील शिस्त बाजूला ठेवली नाही. ठोकळ्यांच्या मनोऱ्यात मूल लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावते. सागाच्या लहानमोठ्या पानांच्या रांगेतही ते तेच करते. फरक एवढाच की सागाची दोन पाने तंतोतंत सारखी कधीच नसतात. त्यामुळे मुलाला अधिक पाहावे लागते, अधिक विचार करावा लागतो.

शरदातील आपले सण आणि चालीरीती या विद्येला किती अनुकूल आहेत, हे पाहण्यासारखे आहे. घटस्थापनेचे उदाहरण घ्यावे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी पत्रावळीवर वा परडीत माती पसरून तिच्यात धान्य पेरतात, आणि नऊ दिवसांत त्याचे अंकुर वाढतात. पूजाविधी ज्याच्या त्याच्या घरचा. पेरणी मात्र बालवाडीतील सर्व घरांच्या, सर्व धर्मांच्या मुलांची होऊ शकते. दोन परड्या घ्याव्यात. दोहोंत एकाच दिवशी गहू पेरावा. एक परडी अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवावी, दुसरी ओसरीवर उजेडात. अंधारातील रोपे उंच पण पिवळी आणि दुबळी निघतात; उजेडातील ठेंगणी, हिरवी आणि ताठ. असे का, हे शिक्षिकेने सांगण्याची घाई करू नये. मुलांची स्वतःची उत्तरे आधी ऐकावीत. कोणी म्हणेल, ती घाबरून पिवळी पडली. कोणी म्हणेल, ती उजेड शोधायला वर गेली. दुसऱ्या उत्तरात पुढील वनस्पतिशास्त्राचे बीज आहे, आणि पहिल्या उत्तरातही निरीक्षण आहेच.

याच परडीत एक आणखी प्रयोग दडलेला आहे. अंकुर दिसू लागल्यापासून रोज सकाळी एकाच ठरावीक रोपाच्या उंचीइतकी काडी मोडावी आणि ती आदल्या दिवशीच्या काडीशेजारी भिंतीलगत उभी करावी. सात-आठ दिवसांनी भिंतीशी लहानमोठ्या काड्यांची एक चढती रांग तयार होते. कोणत्या दिवशी रोप भरभर वाढले आणि कोणत्या दिवशी मंदावले, हे बोट फिरवून सांगता येते. मोठेपणी ज्याला आलेख म्हणतात, तो चार वर्षांच्या मुलाने येथे स्वतःच्या हाताने काढलेला असतो. त्याला पट्टी लागलेली नाही, कागद लागलेला नाही, आकडाही लागलेला नाही.

दसऱ्याच्या दिवशी आपट्याचे पान हाती येते. मधल्या शिरेवर ते दुमडले म्हणजे त्याचे दोन्ही भाग एकमेकांवर बरोबर बसतात. समरूपतेचा इतका सुबोध धडा छापील पुस्तकात मिळणार नाही. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. दोन्ही पाने शेजारी ठेवून त्यांतील फरक मुलांना शोधावयास सांगितला, तर पानाचा आकार, जाडी आणि स्पर्श या तिन्ही गोष्टींकडे त्यांचे लक्ष जाते. यासाठी फांद्या ओरबाडण्याचे मुळीच कारण नाही. दहा मुलांना दहा पाने पुरतात, आणि झाड पुढल्या वर्षीही तेथे असले पाहिजे, हाही एक धडाच आहे. दारावरच्या तोरणातील झेंडू सुकला म्हणजे तो टाकून न देता मुलांच्या हाती द्यावा. पाकळी म्हणून जी उपटली जाते, तिच्या टोकाशी काळी, बारीक, सुईसारखी बी लागलेली असते. कारण झेंडूचे एक फूल म्हणजे अनेक लहान फुलांचा मेळावा असतो. ती बी मातीत टाकली की काही दिवसांत उगवते. सुकलेल्या वस्तूतून नवी वस्तू निघते, हे सत्य मुलाला कळावयाला याहून सोपा मार्ग नाही. पहाटे पारिजातकाचा सडा पडतो. त्याच्या केशरी देठांनी कागदावर रेघ ओढली तर पिवळसर रंग उमटतो. फुलात रंग 'असतो' आणि तो काढता येतो, हा शोध त्या वयात फार मोठा असतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांनाही हे साहित्य परके नाही. माळव्यात, इंदूर-उज्जैनकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना 'संजा' ठाऊक असते. पितृपक्षाच्या सोळा दिवसांत तेथील मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृत्या उठवितात आणि त्यांवर फुलांच्या पाकळ्या चिकटवितात. दिवसागणिक आकृती बदलते. पंचमीला पाच कुमार, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, आणि शेवटी 'किलाकोट' नावाची मोठी आकृती. तिथीची संख्या आणि आकृतीतील संख्या यांची अशी सांगड एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने घातली असती, तर तिचे मोठे कौतुक झाले असते. बंगालात याच सुमारास नदीकाठी काशाचे पांढरे तुरे डोलतात, आणि आपला पारिजातक तेथे 'शिउली' या नावाने गळतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी हळवे भात कापणीला येते. लोंबी तळहातावर चोळून तूस फुंकून उडविणे आणि दाणा शिल्लक ठेवणे यात जड नि हलके यांचा भेद मुलाच्या ओठांना आणि तळहाताला एकदमच कळतो. प्रांत बदलला की वस्तू बदलेल. पद्धत बदलण्याचे कारण नाही.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. डोंगरपाड्यावरचे मूल जन्मापासून पानाफुलांतच वाढलेले असते. शहरातील मुलाला माती दुर्मीळ आहे, तेव्हा त्याला ती शाळेत मिळावी हे ठीक. पण ज्याच्या घरी मातीशिवाय दुसरे काही नाही, त्याला शाळेतही मातीच द्यावयाची काय? शहरी मुलाला संगणक आणि गरिबाच्या मुलाला चिंचोके, हा नवा वर्णभेद तर नव्हे?

या आक्षेपाचे उत्तर असे की वस्तू तीच असली तरी तिच्याशी होणारा व्यवहार वेगळा असतो. पाड्यावरच्या मुलाने सागाचे पान हजार वेळा हाताळलेले असते; परंतु मोठे, त्याहून मोठे, सर्वांत मोठे असा क्रम लावून तो शब्दांत सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला नसतो. शाळा त्याला पान देत नाही. पानाविषयीचा प्रश्न देते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर बोलून दाखविण्याची संधी देते. यातच भाषेचा मुद्दा येतो. वारली मुलाची घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी असते. तक्त्यावरील अनोळखी चित्रासमोर ते मूल मुके होते. हातात ओळखीची बी असेल तर ते आपला शब्द उच्चारते. शिक्षिका तो शब्द शिकते आणि मग आपला शब्द त्याच्याशेजारी ठेवते. अशा वेळी ज्ञानाची देवघेव दोन्ही बाजूंनी होते, आणि त्या मुलाला आपल्या घराची लाज वाटत नाही. मात्र आक्षेपातील तथ्यही ध्यानात ठेवले पाहिजे. बी आणि पान हे पुस्तकाच्या ऐवजी नव्हेत. चित्रांची चांगली पुस्तके, गोष्टी, गाणी आणि योग्य वेळी अक्षरे यांचा अधिकार पाड्यावरच्या मुलाला शहरातील मुलाइतकाच आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. निसर्गातील प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असते, हा भाबडेपणा आहे. शरदात आणि त्यानंतर रानात मिळणारी लाल-काळी गुंज दिसावयास अतिशय मोहक. परंतु तिच्यात तीव्र विष असते, आणि बी फोडून वा चावून पोटात गेली तर ती प्राणघातक ठरू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या फळातील ज्या बिट्ट्यांनी खेड्यांतील मुले खेळतात, त्या हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाने भरलेल्या असतात. धोतरा, एरंड आणि कुंपणाला लावलेला मोगली एरंड यांच्या बियाही तशाच. याखेरीज अगदी निर्विष असा वाटाणा किंवा हरभराही लहान मुलाने नाकात घातला तर तो आत फुगतो आणि डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलाच्या हाती तोंडात न मावणाऱ्या मोठ्या वस्तू द्याव्यात, बारीक बियांचे काम थोड्या मोठ्या मुलांनी आणि नजरेखालीच करावे, खेळानंतर हात धुवावेत, आणि बिया मोजून बाहेर काढाव्यात व मोजूनच परत ठेवाव्यात. या शेवटच्या नियमाने सुरक्षितता साधते आणि मोजणीही साधते.

तिसरी अडचण पालकांची. मूल बालवाडीतून घरी येते तेव्हा त्याच्या हातात पाटीवरचे अक्षर नसते, नखांत माती असते. ज्या घरात शिक्षण पहिल्यांदाच शिरत आहे, तेथे आईबापांना अक्षर हाच शिक्षणाचा पुरावा वाटतो. त्यांना हसणे अन्यायाचे होईल. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मूल शाळेत धाडलेले असते. त्यांना व्याख्यान देण्यापेक्षा भिंतीशी उभी केलेली ती काड्यांची रांग दाखवावी, आणि तिचा अर्थ त्यांच्या मुलालाच सांगावयास लावावे. चार वर्षांचे मूल आठ दिवसांची हकिकत क्रमवार सांगते आहे, हे ज्या बापाने ऐकले, तो पाटीचा आग्रह थोडा सैल करील.

परंतु या सर्वांहून अवघड अडचण वेगळीच आहे, आणि ती 'फुकट' या शब्दात आहे. पाने फुकट, बिया फुकट, माती फुकट. तेव्हा हे शिक्षणही फुकटात होईल, असा अर्थ कारभार पाहणाऱ्यांच्या मनात फार लवकर तयार होतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात आहेत. जगातील एवढ्या मोठ्या प्रमाणावरील बालसेवेची उदाहरणे विरळाच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ व परिसरातील साहित्य यांना मानाचे स्थान दिले. जे बोर्डी-कोसबादला १९४५ नंतर करून पाहिले गेले, ते आता राष्ट्राचे धोरण झाले आहे. कागदावर तरी वाद संपला आहे.

कागदाबाहेर काय दिसते? अंगणवाडी सेविकेच्या अंगावर पूरक आहार, लसीकरणाला साहाय्य, वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती, अशी कामांची माळ असते. ती शासनाची पूर्ण वेतनी सेवक नव्हे. तिला मानधन मिळते. सकाळच्या मोजक्या तासांतून या सर्वांना वाट दिल्यावर मुलांना घेऊन झाडाखाली बसावयाला किती वेळ उरतो? आणि प्रस्तुत पद्धतीत तर सर्व काही त्या वेळेवरच अवलंबून आहे. तयार ठोकळा मुलाला थोडेफार आपोआप शिकवितो, कारण त्याची चूक तोच दाखवितो. पान आपोआप काही शिकवीत नाही. कोणते पान आज आणावे, कोणता प्रश्न विचारावा, केव्हा गप्प बसावे, कोणती बी विषारी, हे जाणणारे माणूस जवळ नसेल तर त्या पानाचा पाचोळा होतो. साधन जितके साधे, तितके शिक्षिकेचे कौशल्य अधिक लागते. म्हणून साहित्यावर वाचलेला पैसा हा बचतीचा नव्हे. तो शिक्षिकेच्या प्रशिक्षणावर, तिच्या मानधनावर आणि तिच्या वेळावर खर्च करावयाचा पैसा आहे.

कार्यालयीन पद्धतीलाही येथे थोडे वळण द्यावे लागेल. जडवस्तू नोंदवहीत खुर्ची, घड्याळ आणि तक्ता यांची नोंद होते, वर्षाअखेर त्यांची पडताळणी होते, आणि मोडलेल्या वस्तूचे रीतसर निर्लेखन होते. पाच दिवसांनी सुकणारे पान या नोंदवहीत बसत नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला कपाटातील न उघडलेली खेळण्यांची पेटी सुस्थितीत दिसते, म्हणून तो समाधान पावतो. ओसरीवर पसरलेला बियांचा आणि काड्यांचा पसारा पाहून तो अस्वच्छतेचा शेरा लिहितो. वास्तविक पेटी जितकी कोरी, तितका शेरा कडक असावयास हवा. तपासणीच्या नमुन्यात एकच स्तंभ अधिक घालता येईल: या आठवड्यात मुलांनी आपल्या हाताने काय केले? त्याचे उत्तर सेविकेने नव्हे, मुलांनीच द्यावे. अधिकाऱ्याने जमिनीवर बसून ते ऐकावे. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात, आणि तेवढ्यात अंगणवाडीची खरी स्थिती जितकी कळते तितकी दहा नोंदवह्यांतून कळत नाही.

ताराबाई मोडक १९७३ मध्ये आणि अनुताई वाघ १९९२ मध्ये निवर्तल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. तथापि त्यांच्या कामाचा खरा मान दरवर्षी आश्विनात, गावोगावच्या अंगणवाड्यांच्या ओसरीवर राखला जातो किंवा राखला जात नाही. पावसाळा ओसरला की अंगणे वाळतात, गवताला बी धरते, तोरणे सुकतात. हे साहित्य महिना-दीड महिना हाताशी असते. मग कार्तिकातील कापणी उरकते आणि रान कोरडे पडू लागते. तीन ते सहा वर्षे या वयात मुलाच्या वाट्याला असे शरद तीनच येतात. एखादा रजेत गेला, एखादा आहाराच्या नोंदीत गेला आणि एखादा पाटीवरची अक्षरे गिरविण्यात गेला, तर चौथा येत नाही; तोवर ते मूल पहिलीच्या वर्गात जाऊन बसलेले असते.